सुट्टीच्या दिवशी फिरणारं मीटर

मीटरचा काटा फिरत होता.

दाणींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मे महिना, भर दुपार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. मेन स्विच मी स्वतः खाली केला होता. बोअरच्या व्हॉल्व्हला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. वरची टाकी रिकामी करून घेतली होती. वॉशिंग हॉलमध्ये माणूस नव्हता, मशीन चालू नव्हतं, एकही नळ ठिबकत नव्हता. आणि त्याच हॉलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं मीटर निवांतपणे फिरत होतं.

"ताई," दाणी म्हणाले, "हे काहून फिरून राहिलं?"

"तेच बघायला आलोय."

"नाही, म्हणजे पाणी कोण टाकून राहिलं?"

मी वाकून काचेवरचा आकडा वहीत उतरवला.

मी पाण्याची ऑडिटर आहे. कारखान्यात पाणी किती येतं, कुठे कुठे जातं आणि बाहेर किती पडतं, एवढंच मी बघते. याला वॉटर बॅलन्स म्हणतात. घरखर्चासारखंच असतं ते. आलं तेवढं कुठेतरी गेलं पाहिजे, आणि आलं त्याहून जास्त जाऊ शकत नाही. बाबा इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, मी जबलपूरलाच शिकले, चेरीतालला राहते. चेरीतालचा ताल, म्हणजे तलाव, कुठे आहे, असं बाहेरून आलेले पाहुणे विचारतात. तो नाही. शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांच्या नावात ताल आहे आणि तालाच्या जागी घरं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. हा कारखानाही अशाच एका मोहल्ल्यात होता.

मालक मनीषजी. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं कपड्याचं दुकान होतं. मनीषजींनी त्यातून सलवार सूट शिवण्याचा कारखाना काढला आणि मागच्या मोठ्या शेडमध्ये रंगाई-धुलाईचा हॉल. शेड वडिलांनी कुणाकडून तरी तयार घेतली होती, फरशीसकट. दाणी तिथले मॅनेजर. आमच्यासारखेच पिढ्यान्पिढ्या इथले मराठी, त्यामुळे माझ्याशी बोलताना मराठीवर येतात आणि मध्येच हिंदीत उतरतात.

मला बोलावलं होतं एका बायरसाठी. बायर म्हणजे माल घेणारी कंपनी. ही परदेशातल्या दुकानांसाठी भारतात कपडे बनवून घेते, ऑफिस बेंगळुरूला. पूर्वी बायर भाव विचारायचे, मग कापड बघायचे. आता आधी विचारतात की एका पीसला ताजं पाणी किती लिटर लागलं. कारण त्यांचं गिऱ्हाईक त्यांना विचारतं. स्वस्त शिवणारे गल्लोगल्ली आहेत. कमी पाण्यात धुतो हे आकड्यांनी दाखवणारे थोडे. जो दाखवेल त्याला ऑर्डर. कॉर्पोरेट सस्टेनेबिलिटीवर लोक तासभर भाषणं करतात. कारखान्याच्या पायरीवरून ती एवढीच दिसते.

मनीषजींचा आकडा फार सुंदर होता. इतका, की बायरने शॉर्टलिस्ट केलं आणि म्हटलं, आता एका स्वतंत्र ऑडिटरची सही लावून फाइल पाठवा, मग आम्ही बघायला येतो.

"सही की ही तो बात है, मॅडम," मनीषजी पहिल्या भेटीत म्हणाले. "मशीन नई है, पानी घूम-फिरके वापस आता है. आप आँख मूँदके कर दो."

"आँख खोलके करती हूँ. उतना ही टाइम लगता है."

ते हसले. मग हसू थांबवून खरी गोष्ट सांगितली. ही ऑर्डर मिळाली तर वॉशिंग इथेच राहील. नाही मिळाली तर हॉल परवडत नाही. बंद करून माल धुवायला इंदूरला पाठवणार. म्हणजे हॉलमधल्या सगळ्या बाया घरी.

बायांना हे माहीत होतं. त्यांची सुपरवायझर सरोज, चाळिशीची, आवाज खणखणीत. मी हॉलमध्ये पाय ठेवला तसं तिने विचारलं, "दीदी, हमारा हॉल रहेगा न?"

"मैं पानी देखने आई हूँ."

"वही तो. पानी से ही रहेगा."

हॉल कसा होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लांबलचक शेड. एका भिंतीला धुण्याची मोठी ड्रम मशीन्स, समोरच्या भिंतीला पिळण्याची. या पिळण्याच्या मशीनला सगळे हायड्रो म्हणतात. मधून सिमेंटची फरशी, तिला नालीकडे ढाळ. ओले कपडे लोखंडी ट्रॉल्यांतून एका भिंतीकडून दुसरीकडे जातात. वरती दोऱ्यांवर रंगवलेल्या ओढण्या.

मधोमध एक मोठी जागा रिकामी होती. कारखान्यात रिकामी जागा नसते. मालक तिथे दुसऱ्या दिवशी काहीतरी आणून ठेवतो. इथे काहीच नव्हतं, आणि ट्रॉल्या सरळ न जाता त्या जागेला वळसा घालून जात होत्या.

शिफ्ट सुरू होण्याआधी सरोजने एक लोटा पाणी घेतलं, त्या रिकाम्या जागेच्या कडेला उभी राहिली आणि हात लांब करून मध्यभागी ओतलं. कुणी हात जोडले नाहीत, कुणी काही म्हटलं नाही. लोटा जागेवर ठेवला आणि मशीन्स सुरू झाली.

"ये किसलिए?"

"शुरू करने से पहले डालते हैं."

"किसने बताया?"

सरोजने विचार केला. "हमसे पहले वाली डालती थीं. उनसे पूछा नहीं."

"और वो कहाँ हैं?"

"एक तो रहीं नहीं. बाकी का पता नहीं."

मी वहीत 'इतर वापर' असं लिहिलं. लिहिताना मला दिसलं की ओतलेलं पाणी नालीकडे गेलं नाही. ढाळ असूनही ते तिथेच उभं राहिलं आणि मग हळूहळू कमी झालं, बशीतला चहा कुणी फुरक्याफुरक्याने प्यावा तसं. ढाळ चुकलाय, फरशीला तडा आहे, असं मी लिहून घेतलं. तेवढ्यावर थांबले.

आणखी एक. बाहेर ऊन असं होतं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. कारखान्यात एक म्हातारी कुत्री होती, बायांनी पाळलेली. हॉलमधली ती रिकामी जागा सगळ्या इमारतीत सर्वांत थंड होती, पायाला कळायचं. कुत्री व्हरांड्यात उन्हाच्या तुकड्यात जीभ काढून पडलेली असायची. कधी आत आलीच, तर ट्रॉल्यांच्या वाटेने भिंतीभिंतीने जायची.

मग मी मीटरं वाचायला घेतली आणि कुत्री विसरले.

या कारखान्यात पाणी असं फिरायचं. बोअरचं ताजं पाणी हॉलमध्ये जातं. वापरलेलं पाणी नालीतून एका पाइपाने बाहेरच्या टाकीत उतरतं. तिथून ते शुद्ध करण्याच्या प्लँटमध्ये जातं आणि बरंचसं पुन्हा धुलाईला येतं. परत येणारं पाणी जितकं जास्त, तितकं बोअरमधून कमी घ्यावं लागतं. यात थोडी घट ठरलेली असते. वाफ होते, ओल्या कपड्यांतून पाणी जातं, गाळाबरोबर जातं. म्हणून हॉलमध्ये शिरलेल्या पाण्यापेक्षा बाहेर पडलेलं पाणी नेहमी कमी भरतं.

इथे जास्त भरत होतं. कपडे धुऊन पाणी वाढत होतं.

असं झालं की ऑडिटर आधी मीटरवर संशय घेते. मी माझी मीटरं आणून बसवली. तेच. आतलं मीटर बाहेर आणि बाहेरचं आत लावून पाहिलं. तेच. मनीषजींना सांगितलं.

"तो अच्छा है न, मॅडम. पानी बढ़ रहा है, घट थोड़े ही रहा है."

"बढ़ता नहीं है पानी. कहीं से आ रहा है."

"आप पानी देखने आई हैं कि भूत?"

"जो निकले."

म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळं बंद करून बघायचं ठरलं. मनीषजी आले नाहीत. दाणी आणि मी, दोघंच. आणि मीटर फिरत होतं.

मीटर सोडून आम्ही हॉलमध्ये गेलो. वीज नव्हती, दिव्यांची गरजही नव्हती. वरच्या पारदर्शक पत्र्यांतून दुपारचं पांढरं ऊन सरळ खाली पडत होतं. मशीन्सची दारं उघडी. दोऱ्यांवर ओढण्या अजिबात न हलणाऱ्या. रोज ज्या हॉलमध्ये ओरडून बोलावं लागायचं तिथे आमच्या चपलांचा आवाज मोठा वाटत होता.

नालीची लोखंडी जाळी आम्ही उचलली. खाली जुन्या विटांची नाली होती, आत हात घातला तर मनगटापर्यंत पाणी. मेमध्ये आमच्या नळाचं पाणी चटका देतं. हे थंडगार होतं, आणि स्वच्छ. रंग नाही, साबणाचा वास नाही. तळाशी काळा गाळ, लोण्यासारखा मऊ.

"ऐका," दाणी म्हणाले.

मी आधीच ऐकत होते. नालीच्या आतून, त्या रिकाम्या जागेच्या दिशेने, आवाज येत होता. सतत नाही. थोडा वेळ शांतता, मग एक घोट. पुन्हा शांतता. पुन्हा घोट. खूप तहान लागलेलं कुणीतरी सावकाश पितंय असा.

"चला ताई, बाहेर बोलू."

"एक मिनिट."

"बाहेर काहून नाही बोलता येत?"

मी त्यांना बाहेर पाठवलं आणि एक लोखंडी सळई घेऊन फरशीवर ठोकत निघाले. हे काही शास्त्र वगैरे नाही, भिंतीत पोकळी कुठे आहे ते गवंडी असंच बघतो. भिंतीजवळ आवाज भरीव, टणक. मधल्या जागेकडे सरकले तसा तो बदलला. रिकाम्या पिंपावर ठोकल्यासारखा. मी खडूने खूण करत गेले, जिथे आवाज बदलतो तिथे. खुणा जोडल्या तर एक मोठा ओबडधोबड गोल झाला, आणि त्या गोलाबाहेर जेमतेम वीतभर अंतरावरून ट्रॉल्यांच्या चाकांची वाट जात होती.

तेव्हा मी ती वाट नीट बघितली.

लोखंडी चाकं रोज त्याच जागेवरून गेली की सिमेंट घासून गुळगुळीत होतं, चकाकतं. वरून ऊन पडत होतं म्हणून ते दिसलं. वळसा एकच नव्हता. सर्वांत आत, खडूच्या गोलातच, एक जुनी गुळगुळीत रेघ होती, आता धूळ बसलेली. तिच्या बाहेर दुसरी. तिच्या बाहेर तिसरी. सर्वांत बाहेरची आजची, चकचकीत. बाया वर्षानुवर्षं त्या जागेपासून थोड्या थोड्या दूर सरकत होत्या.

मी उभी होते ती जागा आतल्या रेघेवर होती. मी सावकाश, आले त्याच पावलांनी मागे गेले.

दुसऱ्या दिवशी सरोजला त्या रेघा दाखवल्या. ती वाकून बघत राहिली.

"तुम लोगों ने तय किया था? दूर से जाना है?"

"नहीं दीदी. हम तो वहीं से जाते हैं जहाँ से हमेशा जाते थे."

"ये देखो, पहले यहाँ से जाती थीं."

"ये हमारा नहीं होगा." मग तिने आतल्या रेघेवरचा एक तुटका कोपरा पाहिला. तिथे कधीतरी तिच्याच ट्रॉलीचं चाक अडकलं होतं म्हणे. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "ये बात साहब को बताओगी तो हॉल बंद हो जाएगा न?"

"नहीं बताऊँगी तो?"

तिने ट्रॉली ओढणाऱ्या बायकांना हाक मारली आणि वाट भिंतीपर्यंत सरकवली.

मनीषजींना मी त्यांच्या केबिनमध्ये सांगितलं. दाणी दाराजवळ उभे.

"तुमच्या फरशीखाली पाणी आहे. जुनी बावडी, पायऱ्यांची विहीर असेल, झरा असेल, बुजवलेल्या तालाचा काही भाग असेल. ते तुमच्या नालीत झिरपतं, नालीतून प्लँटमध्ये जातं आणि शुद्ध होऊन तुमच्या धुलाईत येतं. म्हणून बोअरचं पाणी कमी लागतं. तुमचा आकडा मशीनमुळे सुंदर नाहीये." हे मी अर्थात हिंदीत सांगितलं.

"पानी नीचे का हो या ऊपर का, मेरा ही है."

"पाण्याबरोबर माती येतेय. इतकी वर्षं रोज थोडी थोडी. ती माती कुठून येते? तुमच्या फरशीखालून. फरशी आता कशावर टेकली आहे, मला माहीत नाही."

ते पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, नई हायड्रो आ रही है. बायर आने से पहले लगानी है. दाणीजी, कहाँ लग रही है?"

दाणींनी माझ्याकडे बघितलं. "बीच में, सर. खाली जगह में."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हायड्रो मशीन म्हणजे हत्तीच्या वजनाचं धूड, आणि चालू झालं की थरथरतं. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बाया उभ्या राहतात.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"दूसरा कर देगा."

"करेल. त्याला आधी त्या जागेवर उभं करा आणि मग सही घ्या."

दाणी खोकले. त्यांना हसू आलं होतं की भीती वाटली, कळलं नाही. मनीषजींना हसू आलं नाही. ते हुशार माणूस आहेत. मशीनची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगली समजते. थोड्या वेळाने म्हणाले, "टेस्ट कर लेते हैं. वजन रखके देखते हैं. कुछ नहीं हुआ तो आप सही करोगी."

"हॉलमध्ये कुणी नसेल तर."

रंग पक्का व्हायला मीठ लागतं, त्यामुळे अशा कारखान्यात मिठाची पोती थप्पीने असतात. पुढच्या सुट्टीला, सकाळच्या उन्हात, एका लांब ट्रॉलीवर पोती रचली. ट्रॉलीला दोर बांधला, दोर हॉलमधून समोरच्या दाराबाहेर नेला, आणि बाहेर उभं राहून दाणी आणि चार हमाल ओढू लागले. मनीषजी आणि मी बाजूच्या खिडकीशी. बायांना सुट्टी होती, तरी सरोज आली होती. ती माझ्या मागे उभी होती.

ट्रॉली सर्वांत बाहेरच्या रेघेवरून गेली. काही झालं नाही. तिसऱ्या, दुसऱ्या रेघेवरून गेली. मनीषजींनी माझ्याकडे पाहिलं.

सर्वांत आतल्या रेघेपाशी ती थांबली. हमालांनी ओढली, दोर ताणला, ती हलेना. मग जाणवलं की ती खाली जात होती. मोठा आवाज झालाच नाही. म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतं तशी फरशी बसली. तुकडे झाले, वाकले, आणि ट्रॉली पोत्यांसकट खाली उतरली. बऱ्याच वेळाने, निदान मला तरी बऱ्याच वेळाने वाटलं, खालून पाण्याचा आवाज आला. एक घोट, मोठा.

मग त्या भोकातून थंड हवा आली. बाहेर लूचा गरम वारा चालला होता आणि खिडकीत आमच्या तोंडावर ओल्या मातीच्या वासाची थंड हवा येत होती. वरच्या दोऱ्यांवरच्या ओढण्या एकदम हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या.

दाणींनी आणि हमालांनी दोर सोडून दिला होता. तो साप सरकावा तसा फरशीवरून सरकत भोकात गेला.

मी आउटलेटच्या मीटरपाशी गेले. माझ्याकडे पेनसारखं एक छोटं यंत्र असतं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं. नालीच्या पाण्यात धरलं. आधी आकडा नेहमीचा होता. थोड्या वेळाने चढायला लागला, मग इतका चढला की यंत्राने मोजणं सोडून दिलं. खाली पडलेलं मीठ नालीतून बाहेर येत होतं. खालचं पाणी आणि नाली जोडलेली आहेत याचा याहून पक्का पुरावा मला मागूनही मिळाला नसता.

"मॅडम," मनीषजी मागून म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "आप उधर खड़ी थीं न, उस दिन?"

"होय. आता बायरला काय सांगायचं ते ठरवू."

ते म्हणाले, भेट पुढे ढकलू. भोक बुजवू, वर फरशी करू. मी म्हटलं, बुजवलंत तर पाणी दुसरीकडून वाट काढेल, आणि पुढच्या वेळी कोण कुठे उभं असेल ते मला माहीत नाही. हॉल आजपासून बंद. बायांना हॉल बंद म्हणजे काय वाटेल ते माझ्या पाठीमागेच उभं होतं. सरोज तिथून हलली नाही.

मनीषजींनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिला थेट विचारलं, "पीछे वाले छोटे शेड में चला लोगी? तंग है."

"चला लेंगे, साहब."

मागचा शेड खडकावर आहे. आमच्या जबलपूरचा तो आडदांड ग्रॅनाइट. मी तिथे बोअर घेऊन खात्री केली, खाली अखंड दगड. मशीन्स तिकडे हलली. भोकाखाली जुनी बावडीच निघाली, ती साफ करायला माणसं लावली. उतरण्याआधी त्यांनी नर्मदेवरच्या ग्वारीघाटाहून पंडितजी आणायला लावले, मनीषजींनी आणले. गाळ काढता काढता पायऱ्या लागल्या. खाली जाणाऱ्या, दगडी, नीट घडवलेल्या. त्या कुठपर्यंत जातात ते अजून कळलेलं नाही, कारण पंप लावून कितीही पाणी उपसलं तरी एका पायरीच्या खाली ते जात नाही.

बायरची बाई ठरल्या दिवशीच आली. बेंगळुरूची, तरुण, पायात साधे बूट. मी फाइलमध्ये दोन आकडे लिहिले होते. आधी पाठवलेला, आणि खरा. खरा आकडा स्पर्धकांपेक्षा वाईट होता. तिने फाइल मिटली आणि भोकाकडे बघत राहिली.

"हे तुम्हाला कुणी शोधायला सांगितलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"कुणी नाही. बेरीज जुळत नव्हती."

"आणि तुम्ही आम्हाला दाखवताय."

मनीषजी म्हणाले, "मॅडम, इतना बड़ा छेद छुपाएँगे कहाँ?"

ती हसली. तिने मोठी ऑर्डर दिली नाही. लहान दिली, खरा आकडा कमी करून दाखवा या अटीवर. त्याच्याआधी तिने माझ्याकडून एक पद्धत नीट समजून घेतली, सुट्टीच्या दिवशी सगळं बंद करून आउटलेट वाचायची. काही महिन्यांत त्या कंपनीने आपल्या सगळ्या पुरवठादारांकडे तेच रीडिंग मागायला सुरुवात केली. सुंदर आकडेवाले काही जण ते देऊ शकले नाहीत. कुणाचं मीटर फिरत होतं, कुणाचं मुळात बसवलेलंच नव्हतं. त्यांच्या ऑर्डरी फिरत फिरत मनीषजींकडे आल्या. तोवर आम्ही शेवटी कपडे खळबळलेलं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुलाईला वापरायला लागलो होतो, आणि आकडा खरोखर खाली आला होता. बावडीवर आता वेगळं मीटर आहे. तिचं पाणी तिच्या नावावर लिहिलं जातं.

मनीषजी हल्ली बिझनेसवाल्यांच्या सभेत सस्टेनेबिलिटीवर बोलतात. पारदर्शकता वगैरे. मला बोलावतात, मी जात नाही.

दरवर्षी ऑडिटला मात्र जाते. कुठल्याही कारखान्यात गेले तरी आता मीटरं वाचण्याआधी मी कामगारांना एक प्रश्न विचारते, इथे कोणती जागा टाळता? फॉर्मवर हा प्रश्न नाही.

मनीषजींच्या नव्या शेडमध्ये तो विचारायची गरज पडली नाही. पहिल्याच वर्षी बघितलं, शिफ्टआधी सरोज लोटा घेऊन एका कोपऱ्याजवळ गेली आणि ओतून आली. तो कोपरा तिने का निवडला, विचारलं. म्हणाली, "यहीं डालने का मन हुआ." वॉटर बॅलन्समध्ये मी त्याला स्वतंत्र ओळ दिली आहे. बेंगळुरूहून दरवर्षी कुणीतरी नवीन माणूस विचारतं, ही ओळ कसली. मी लिहिते, शिफ्टआधीचा एक लोटा, चालू ठेवणे.

यंदा फेब्रुवारीत गेले तेव्हा दाणी निवृत्त झाले होते आणि कुत्रीही राहिली नव्हती. शेडमध्ये ऊन होतं. सरोजच्या कोपऱ्याजवळच्या फरशीवर ट्रॉल्यांची वाट चकाकत होती. तिच्या आतल्या बाजूला, कोपऱ्याकडे हातभर अंतरावर, दुसरी रेघ होती, धूळ बसलेली.

मी सळईने ठोकून पाहिलं. आवाज भरीव. ओल मोजली, कोरडं. सुट्टीच्या दिवशी मीटर वाचलं, स्थिर. खाली दगड आहे, मला माहीत आहे. मी दोन्ही रेघांचा फोटो काढून फाइलला लावला.

मनीषजी फोटो बराच वेळ बघत होते. नव्या ऑर्डरीसाठी आणखी एक हायड्रो यायची होती आणि तो कोपरा मोकळा होता.

"रिपोर्ट तो ठीक है न, मॅडम?"

"एकदम ठीक."

"तो फिर मशीन?"

"दुसरीकडे लावा," मी म्हटलं.

त्यांनी का ते विचारलं नाही. जागा मोकळी ठेवायला खर्च येत नाही. कारण सापडायचं तेव्हा सापडेल.